न टिपलेल्या फ्रेमची किंमत

महाडच्या बाजारपेठेतील एखाद्या घरी लग्न निघाले की हल्ली एकाच दिवसाचे चित्रण अनेक हातांनी होते. व्यावसायिक छायाचित्रकाराचा कॅमेरा बहुधा सेकंदाला 25 किंवा 50 फ्रेम टिपतो, कारण आपल्याकडील दूरदर्शन प्रसारणाची जुनी परंपरा 25 ची आहे. पोलादपूरहून आलेल्या पाहुण्यांचे मोबाइल सामान्यतः 30 फ्रेम टिपतात. सावित्रीच्या पात्रावरून फिरवलेला ड्रोन कदाचित 60 वर असतो. सकाळच्या वरघोड्याची चित्रफीत सायंकाळच्या स्वागत समारंभात दाखवायची असते आणि नेमका त्याच वेळी संगणक रेंडरिंग करताना अडून बसतो. दोष यंत्राला दिला जातो आणि नवा संगणक घेण्याच्या गोष्टी सुरू होतात. पुष्कळदा खरे कारण एका लहानशा सेटिंगमध्ये दडलेले असते. त्याचे नाव फ्रेम इंटरपोलेशन, म्हणजे कॅमेऱ्याने न टिपलेली मधली फ्रेम संगणकाने रचणे.

या सेटिंगचे मुख्य पर्याय तीन. प्रीमियर प्रो त्यांना फ्रेम सॅम्पलिंग, फ्रेम ब्लेंडिंग आणि ऑप्टिकल फ्लो म्हणते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये पहिल्याचे नाव निअरेस्ट असे आहे. पहिला पर्याय जवळची फ्रेम उचलतो; त्यात संगणकाला जवळजवळ काहीच श्रम नाहीत. दुसरा पर्याय शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतो. श्रम थोडे, पण हलणाऱ्या वस्तूंना दुहेरी कडा येतात. तिसरा पर्याय चित्रातील प्रत्येक भाग कोठून कोठे सरकला याचा शोध घेतो आणि त्यावरून नवी फ्रेम उभी करतो. चित्र ओघवते दिसते, परंतु वेळ सर्वांत जास्त याच पर्यायाला लागतो.

हा वेळ कसा वाढतो, त्याचा हिशेब वहीवर मांडता येतो. 30 फ्रेमचे मोबाइल चित्रण 25 च्या टाइमलाइनवर ठेवले, तर दोन्हींच्या वेळा दर पाचव्या फ्रेमलाच जुळतात. ऑप्टिकल फ्लो लावल्यास उरलेल्या 4 फ्रेम संगणकाला रचाव्या लागतात. अर्ध्या तासाच्या चित्रफितीत 45,000 फ्रेम असतात. ती सारी मोबाइलवरची असेल, तर त्यांपैकी 36,000 फ्रेम नव्याने घडवण्याचे काम यंत्रावर पडते. तेच चित्रण फ्रेम सॅम्पलिंगवर ठेवले, तर दर सेकंदाच्या 30 पैकी 5 फ्रेम गाळल्या जातात आणि नवी एकही रचावी लागत नाही. चालीत किंचित धक्का जाणवतो, पण गर्दीच्या दृश्यात तो सहसा डोळ्यांत भरत नाही. चित्र फोर-के असेल, तर फुल एचडीच्या चौपट बिंदू तपासावे लागतात. म्हणून ओझे आणखी वाढते.

संथगतीचा हिशेबही असाच आहे. वरमाला घालण्याचा 10 सेकंदांचा प्रसंग 25 वर टिपला आणि पाचपट संथ केला, तर हाती 250 फ्रेम असतात आणि लागतात 1,250. हजार फ्रेम उसन्या आणाव्या लागतात. तोच प्रसंग 50 वर टिपला, तर दुप्पट संथ करण्यासाठी, आणि 100 वर टिपला, तर चौपट संथ करण्यासाठी एकही नवी फ्रेम लागत नाही. चित्रणाच्या वेळी केलेला हा विचार संपादनाच्या वेळचे कित्येक तास वाचवतो.

शिवाय वेळ खर्चूनही माल चोख मिळेलच असे नाही. ऑप्टिकल फ्लो वस्तूंच्या सरकण्याचा माग काढतो. ज्याला निश्चित आकार नाही, तेथे त्याची फसगत होते. पावसाळ्यात आंबेनळी घाटातील धबधबे, धुके आणि पावसाच्या धारा अशा चित्रणात ओल्या चिखलासारख्या विरघळतात. धावत्या गाडीतून टिपलेले पुलाचे कठडे, एकसारख्या गजांमुळे, वाकडेतिकडे होतात. रायगडच्या रोपवेची तार मध्येच तुटल्यासारखी दिसू शकते. तास मोजून विकत घेतलेली फ्रेम सदोष निघणे हा दुहेरी तोटा होय.

म्हणून शहाणपण निवडीत आहे. संपूर्ण प्रकल्पासाठी साधा पर्याय ठेवावा आणि ऑप्टिकल फ्लो फक्त दोन-चार निवडक तुकड्यांना द्यावा. तो तुकडा एकदाच रेंडर करून घ्यावा. रिझॉल्व्हमधील रेंडर इन प्लेस याच कामासाठी आहे. त्यामुळे प्रत्येक निर्यातीच्या वेळी तोच हिशेब पुन्हा होत नाही. सारे चित्रण मोबाइलचेच असेल, तर टाइमलाइनच 30 ची करावी. आणि समारंभापूर्वी सर्वांनी एकच गती ठरवून घेतली, तर प्रश्न बहुतांशी उद्भवतच नाही.

या सेटिंगला वेळेपलीकडचीही एक बाजू आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवले जात. गती ठरे ती हातावर. असे मूकचित्रण सेकंदाला 16 फ्रेमचे धरले आणि आजच्या 24 वर इंटरपोलेशनने आणले, तर पडद्यावरील दर 3 फ्रेमपैकी 2 फ्रेम त्या कॅमेऱ्याने कधी पाहिलेल्याच नसतात. चाल गुळगुळीत होते, पण ती मूळची राहत नाही.

करमणुकीत हे खपते; नोंदीत खपत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी दुकानातील मालाचे, भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे मोबाइलवर टिपलेले चित्रण हा व्यापाऱ्याचा पुरावा असतो. त्याची मूळ फाइल कोणताही बदल न करता, दोन ठिकाणी जपून ठेवावी. पाहण्यासाठी संपादित प्रत वेगळी करावी आणि तीतही रचलेल्या फ्रेम टाळाव्यात. न आलेला माल वहीत कोणी जमा धरत नाही. न टिपलेल्या फ्रेमलाही पुराव्यात तोच नियम लागू व्हावा.