विहाराची किल्ली कुणाच्या खिशात?

लंडनच्या वेस्ट केन्सिंग्टन भागात एक जुने चर्च आहे. तिथे आता प्रार्थना होत नाही. ब्रिटनमध्ये उपासक घटले, तशी कितीतरी चर्चेस ओस पडली, विकली गेली. ही वास्तू १९७० च्या दशकात भारतीय विद्या भवनाकडे आली. आज तिथे मुले तबला, सतार, भरतनाट्यम आणि कथक शिकतात.

१९३८ साली मुंबईत या संस्थेची स्थापना करणारे कन्हैयालाल मुन्शी पुढे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीचे सदस्य होते. त्यांच्या 'संस्कृती'च्या कल्पनेशी आपला मतभेद आहे आणि राहील. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्याच्या हाती सभागृह, तोच कला कशाला म्हणायचे ते ठरवतो. शास्त्रीय संगीताला साता समुद्रापार छप्पर मिळाले. आंबेडकरी जलशाच्या वाट्याला मात्र चौक आणि मंडपच आला.

राजर्षी शाहूंनी हे फार आधी ओळखले होते. १९१५ साली त्यांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे केले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले.

आपल्या वस्त्यांतली छपरे मात्र आगीविनाच निकामी झाली आहेत. विहार आहे, समाजमंदिर आहे; पण कुलूप निघते १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला. वकील म्हणून माझ्याकडे ट्रस्टचे तंटे येतात. कागदावर वाद विश्वस्तांच्या नावांचा असतो, प्रत्यक्षात तो किल्लीचा असतो!

कायद्याची सबब कुणी सांगू नये. विहाराची इमारत विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संध्याकाळी दोन तास मुलांना गायन, नाटक, चित्रकला शिकवायला ती लागत नाही. ट्रस्टच्या उद्देशांत शिक्षण असेल तर विश्वस्तांचा ठराव पुरे.

"विहारात ढोलकी? पावित्र्याचे काय?" असे विचारणाऱ्यांनी वामनदादा कर्डकांना आठवावे. बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत गाण्यातून पोहोचला. सकाळी वंदना, संध्याकाळी तालीम, यात विरोध कसला?

परक्यांनी सोडलेले चर्च कलेचे घर होऊ शकते. मग आपण घाम गाळून, वर्गणी काढून बांधलेल्या विहारांना कुलूप का? येत्या बैठकीत प्रत्येक वस्तीने हा एकच प्रश्न विश्वस्तांना विचारावा.

जय भीम!