बशीभर दुधाचा जुलूम

मांजर म्हटलं की दूध, हा हिशेब कुठल्या कारकुनानं मांडला कोण जाणे. पण तो कुणी तपासलेला दिसत नाही! पिल्लू घरात आलं रे आलं की सकाळी बशीभर दूध, रात्री उरलासुरला दूधभात. मग पोट बिघडलं की 'दृष्ट लागली'! अहो, दृष्ट कसली? आईचं दूध सुटलेल्या बहुतेक पिल्लांना गाईम्हशीच्या दुधातली साखर नीट पचतच नाही. मांजर जात्याच मांसाहारी. त्याला टॉरीन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसमासळीत असतं, भातात नाही. कमी पडलं तर डोळे जातात, हृदय खचतं. आपलं सोवळं आपण पाळावं, मांजरावर लादू नये.

आणि किती वेळा घालायचं? पिल्लाचं पोट म्हणजे रिकरिंग खातं, मुदत ठेव नव्हे! चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार हप्ते, सहापर्यंत तीन, पुढं दोन. वजनाच्या मानानं त्याला मोठ्या मांजराच्या जवळजवळ दुप्पट लागतं. सुरुवातीच्या महिन्यांत आठवड्याला साधारण १०० ग्रॅम भर पडली, की खातं जुळलं समजा.

'उपाशी ठेवलं तर उंदीर मारील' म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः उपाशीपोटी ऑफिसात काम करून दाखवावं. तेवढं जमत नसेल तर दूध चहात घाला, आणि पिल्लू दुसऱ्याला द्या!