सूट शिवा; पण कापड पारखून घ्या!

२०१५ साली या देशाच्या राजकारणात 'सूट-बूट' ही शिवी झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत पंतप्रधानांनी स्वतःच्या नावाचे पट्टे असलेला सूट घातला. फेब्रुवारीत सुरतेत त्याचा लिलाव झाला आणि बोली चार कोटी एकतीस लाखांवर गेली. एप्रिलमध्ये राहुल गांधींनी लोकसभेत 'सूट-बूट की सरकार' असा टोला हाणला. टीका योग्य होती. पण तेव्हापासून सूट म्हणजे धनदांडग्यांचा माज आणि साधे कपडे म्हणजे गरिबांशी इमान, असे एक सोयीचे समीकरण रूढ झाले. हे समीकरण आपण जसेच्या तसे स्वीकारायचे काय?

गांधीजींनी १९२१ साली अंगावरचे कपडे उतरवून पंचा नेसला. तो त्याग ठरला. परंतु ज्याच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या पंचाच होता, त्याने त्यागायचे तरी काय? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असे फर्मान आहे. त्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले आणि दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तिथल्या स्त्रियांना स्वच्छ राहण्याचे, जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडण्याचे आवाहन केले. ग्रंथदहन आणि वस्त्रबदल हा एकाच लढ्याचा भाग होता. गोलमेज परिषदेत बाबासाहेब सूट घालून बसले, ते साहेबाची नक्कल करण्यासाठी नव्हे. आम्ही काय ल्यावे हे आता तुम्ही ठरवणार नाही, हा त्याचा अर्थ होता.

हा इतिहास संपलेला नाही. २०२३ च्या मे महिन्यात गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातील मोटा गावात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. सोडवायला आलेल्या त्याच्या आईलाही सोडले नाही. पोलिसांत तशी तक्रार आहे. 'सूट-बूट' म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी या गावाचा पत्ता लक्षात ठेवावा.

म्हणूनच आपल्या घरातला पहिला वकील, पहिला प्राध्यापक, पहिला अधिकारी सूट शिवतो तेव्हा त्याला उधळपट्टी म्हणू नये. मात्र स्वाभिमान आणि दिखाऊपणा यांत फरक आहे आणि बाजार नेमका तो फरक पुसतो. माझ्या परिचयातल्या एका तरुण वकिलाने सुंदर खोक्यातली सूट लेंथ 'सुपर १२० लोकर' म्हणून घेतली. शिंप्याने कडेचा एक धागा काढून काडी लावली. धागा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. गोळी झाली म्हणजे पॉलिस्टर! महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा खोक्याच्या रंगावर गेला होता.

तेव्हा काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. 'सुपर' आकडा लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो, टिकाऊपणा नव्हे. सुपर १०० म्हणजे तंतू १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. आकडा वाढला की कापड मऊ होते, पण नाजूकही होते. रोज कोर्टात किंवा कॉलेजात घालायचे असेल तर सुपर १०० च्या आसपासचे कापड किंवा चांगले टेरीवूल पुष्कळ. पॉलिस्टर-व्हिस्कोसही कमीपणाचे नाही. ते स्वस्त आहे, धुवायला सोपे आहे. फक्त ते लोकरीच्या भावाने घेऊ नये. कापडाची किनार वाचावी, घटक विचारावेत आणि बिलावर लिहून घ्यावेत. मुठीत आवळून सोडावे. चुण्या लगेच सुटल्या पाहिजेत. दुकानातल्या दिव्याखाली काळा आणि गडद निळा सारखाच दिसतो, म्हणून तागा दाराशी उजेडात नेऊन पाहावा. अठ्ठावन्न इंच पन्ह्याचे कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाच्या कोट-पँटला तीन ते सव्वातीन मीटर लागते. चौकडा असेल तर जुळवणीसाठी थोडे जास्त. आणि शिंप्याला आधी विचारावे, मग दुकानात जावे. आपण नेहमी उलटे करतो.

आता सरकारी धोरणाकडे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के आणि त्यापुढच्या कपड्यावर अठरा टक्के जीएसटी आहे. कापडावर मात्र पाचच टक्के. म्हणजे दहा हजारांच्या तयार सुटावर अठराशे रुपये कर, तर पाच हजारांच्या कापडावर अडीचशे. वर्षाला वीस लाखांहून कमी उलाढाल असलेल्या शिंप्याला नोंदणीच लागत नाही, त्यामुळे त्याच्या शिलाईवर करही नाही. मॉलमधल्या झगमगाटाला भुलून आपण हा हिशेब करीत नाही आणि गल्लीतला कारागीर मशीन विकून मोकळा होतो. तो शिलाईत माया ठेवतो, म्हणून अंग भरले तरी कोट पुन्हा मोठा करता येतो. ही सोय तयार सुटात सहसा नसते.

कापड आणि आपण यांचे नाते आणखी एका जखमेचे आहे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. त्या 'विटाळा'पायी अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात, म्हणजे जास्त मजुरीच्या कामावर, प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ठणकावले की सर्व खाती आमच्यासाठी खुली करण्याची मागणी घ्या, नाहीतर आमचा पाठिंबा गृहीत धरू नका. कामगारांच्या एकजुटीची भाषणे करणाऱ्यांना ती मागणी नाइलाजाने घ्यावी लागली.

ज्यांना धाग्याला ओठ लावू दिला नाही, त्यांची नातवंडे आज दुकानात ताठ मानेने तागा उलगडून पाहतात. हे परिवर्तन लहान नाही. पण त्या तरुणाने दुकानदाराच्या गोड बोलण्यापुढे मान डोलावली, लग्नातल्या एका दिवसासाठी कर्ज काढले, तर जुन्या गुलामीच्या जागी नवी गुलामी आली एवढेच. बाबासाहेबांचा सूट सर्वांना दिसतो. त्यामागची चिकित्सक नजर किती जणांनी घेतली? प्रश्न विचारल्याशिवाय काहीही स्वीकारू नका, ही शिकवण मीटरने मोजल्या जाणाऱ्या कापडालाही लागू आहे. सूट जरूर शिवा. पण आधी धागा काढून पाहा!