रोग डायनॅमोला, औषध बॅटरीला



मृगाचा पाऊस पडून गेला, रानाला वाफसा आला, बी-खताची पोती ट्रॉलीत चढली. आणि किल्ली फिरवली तर ट्रॅक्टरमधून नुसता ‘टक्’ असा आवाज! असा प्रसंग आपल्या धर्माबाद, बिलोली, उमरी भागात दर हंगामात कोणावर ना कोणावर येतोच. आपली जमीन काळी, भारी. तिच्यात वाफसा आला म्हणजे दोन-तीन दिवसांचे काम. तेवढ्यात पुन्हा पाऊस लागला की आठवडाभर रानात पाय घालता येत नाही. सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि शक्यतो १५ जुलैच्या आत पेरावे, असे आपण नेहमी सांगतो. त्या मोजक्या दिवसांतले दोन दिवस बॅटरीपायी गेले, तर त्याचा हिशोब दिवाळीला सुगीत लागतो.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? सरळ गावात जाऊन नवी बॅटरी आणतात. ट्रॅक्टर चालू होतो, समाधान वाटते. पण पाच-सहा महिन्यांनी पुन्हा तोच ‘टक्’ आवाज. मग बॅटरीवाल्याला दोष. खरे पाहता पुष्कळदा रोग असतो डायनॅमोला, पट्ट्याला किंवा एखाद्या तारेला, आणि औषध दिले जाते बॅटरीला. ‘रोग म्हशीला आणि औषध पखालीला’ म्हणतात तो हाच प्रकार. तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी काय तपासावे, हे या वेळी पाहू.

बॅटरी म्हणजे विहीर नव्हे, रांजण

बॅटरी वीज तयार करीत नाही, ती फक्त साठवते. वीज तयार करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर. इंजिनचा पट्टा त्याला फिरवतो आणि तो रांजण भरीत राहतो. विहिरीवरून पाणी आणणाराच बसून राहिला, तर रांजण नवा असो की जुना, तो रिकामाच होणार.

सेल्फ फिरवताना बॅटरीतून दोनशे-तीनशे अँपिअर वीज ओढली जाते. आकडा मोठा वाटला, तरी ते काम चार-पाच सेकंदांचे. धडधाकट डायनॅमो एवढी तूट पाच मिनिटांच्या आत भरून काढतो. म्हणजे दिवसभर ट्रॅक्टर चालवूनही सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल, तर भरण्याच्या बाजूला काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

जुन्या ट्रॅक्टरना डायनॅमो असतो आणि त्याच्यासोबत कटाउट व रेग्युलेटरची छोटी पेटी. नंतरच्या ट्रॅक्टरना अल्टरनेटर आला. डायनॅमो इंजिन हळू चालत असताना चार्जिंग करीत नाही. गती वाढली की करतो. म्हणून ट्रॅक्टर नुसता घुरघुरत उभा ठेवून ‘चार्जिंग होऊ द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. तेल मात्र जळते.

मीटर नसताना कशी ओळख पटवावी?

१) अंधार पडल्यावर ट्रॅक्टर चालू करून हेडलाइट लावा. ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. उजेड थोडा वाढून स्थिर राहिला, तर चार्जिंग आहे. काहीच फरक पडला नाही, तर चार्जिंग नाही. उजेड भगभगून वाढत गेला, बल्ब वरचेवर उडू लागले आणि बॅटरीतले पाणी लवकर आटू लागले, तर चार्जिंग जास्त होते आहे. रेग्युलेटर दाखवून घ्या.

२) काट्याचे मीटर असेल, तर इंजिन सुरू होताच काटा ‘प्लस’कडे जातो आणि काही वेळाने शून्याजवळ येऊन बसतो. काटा शून्यावर आला म्हणजे चार्जिंग बंद पडले, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. बॅटरी भरत आली की काटा शून्याकडे येतोच. दिवे लावल्यावर काटा ‘मायनस’कडे पडून तिथेच राहिला, तर मात्र काळजी करावी.

३) लाल दिवा असेल, तर किल्ली फिरवल्यावर इंजिन चालू होण्याआधी तो लागलाच पाहिजे, आणि चालू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागतच नसेल तर तो बल्ब पाहा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीची वीज या बल्बातूनच मिळते. बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच होत नाही. थोडक्या पैशांच्या बल्बासाठी अख्खा अल्टरनेटर बदलण्याची वेळ येऊ नये.

मल्टिमीटरचे तीन आकडे

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर गावात दोघा-चौघांत मिळून एक असावा. घरातील शाळकरी मुलगा-मुलगीसुद्धा तो वापरायला एका दिवसात शिकतात. काटे बॅटरीच्या दोन टोकांना लावून तीन वेळा आकडा लिहून ठेवा.

पहिला, रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिल्यावर सकाळी: १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी. १२ किंवा त्याखाली असेल तर रिकामी होत आलेली. नीट चार्ज करूनही साडेदहाच्या वर येत नसेल, तर आतला एक सेल गेला असे समजा.

दुसरा, सेल्फ मारताना: साडेनऊच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी असूनही त्याखाली कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त ओढतो आहे.

तिसरा, इंजिन मध्यम गतीने चालू असताना: १३.८ ते १४.५ असावा. १३ च्या आत राहिला, तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला, तर जास्त आहे.

पहिले दोन आकडे बॅटरीची प्रकृती सांगतात, तिसरा डायनॅमोची. तिसरा आकडा पाहिल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये.

दोष शोधण्याचा क्रम

आधी बिनखर्चाचे, मग थोड्या खर्चाचे, शेवटी मोठे. हा क्रम सोडू नका.

पट्टा : इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबा. अर्धा ते पाऊण इंच दबावा. जास्त दबला तर ढिला. आतल्या बाजूने तो काचेसारखा चकचकीत झाला असेल किंवा त्याला भेगा असतील, तर बदला. बहुतेक ट्रॅक्टरांत हाच पट्टा पंखा व पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून इंजिन तापते आणि बॅटरीही उतरते, अशी दोन्ही लक्षणे बरोबर दिसली, तर आधी पट्ट्याकडे पाहावे. पट्टा फार ताणूही नका, बेअरिंग जाते.

बॅटरीची टोके : त्यांवर पांढरी-हिरवी बुकटी साचली की वीज अडते. झाकणे घट्ट लावून कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टोके धुवा, पॉलिश पेपरने घासा, टर्मिनल आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

अर्थची तार : बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या बॉडीला जाणारी ही जाड पट्टी सर्वांत दुर्लक्षित. धर्माबाद तालुक्यातील एका शेतकऱ्याने चार वर्षांत तीन बॅटऱ्या बदलल्या होत्या. “साहेब, आजकाल मालच खोटा येतो बघा,” असे त्यांचे म्हणणे. “मामा, बॅटरी राहू द्या बाजूला, आधी डायनॅमोवरचा आकडा बघू,” असे म्हणून मीटर लावला. डायनॅमोकडे चौदाच्या वर व्होल्ट, आणि बॅटरीच्या टोकांवर तेरासुद्धा नाहीत! मधली वीज गेली कुठे? ट्रॅक्टरला नवा रंग दिला होता, त्या वेळी अर्थची पट्टी रंगावरच बोल्ट मारून बसवली होती. खाली गंज, वर रंग. जागा घासून लख्ख केली, बोल्ट आवळला आणि बॅटरीवर १४ व्होल्ट दिसू लागले. काम अर्ध्या तासाचे. तीन बॅटऱ्या मात्र अर्धपोटी राहून मेल्या होत्या. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि पुढे ती नीट भरत नाही.

फ्यूज व तारा : उंदरांनी कुरतडलेल्या, सायलेन्सरला लागून जळालेल्या, टेप गुंडाळून जोडलेल्या तारा पाहा.

हे सर्व ठीक असेल, तरच डायनॅमो उघडावा. त्यात बहुधा कार्बन ब्रश झिजलेले किंवा ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग काळवंडलेला असतो. डायनॅमो बरा की पेटी बिघडली, हे इलेक्ट्रिशियन डायनॅमोच्या तारा सोडवून दोन मिनिटांत सांगू शकतो. ती परीक्षा त्याला समोर उभे राहून करायला लावा; दोन्ही वस्तू एकदम बदलू देऊ नका.

पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून झेटरच्या सहकार्याने बनू लागलेले एच.एम.टी. ट्रॅक्टर आजही अनेकांच्या शेतावर राबत आहेत. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. असल्या जुन्या ट्रॅक्टरवर डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवून घेता येतो. पण जुनी कटाउटची पेटी त्या जोडणीतून काढावी लागते, आणि बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते आधी पाहावे लागते. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत ‘प्लस’ टोक बॉडीला असते. तसाच उलटा जोडला तर नवा अल्टरनेटर क्षणात जळेल.

जमेपेक्षा खर्च जास्त

कधी कधी काहीच बिघडलेले नसते, तरी बॅटरी उतरते. जुना डायनॅमो पूर्ण गतीला साधारण ११ ते २२ अँपिअर देतो. ५५ वॅटचा एक दिवा साडेचार अँपिअर खातो. असे चार दिवे लावले की अठरा अँपिअर गेले. त्यावर गाण्याची पेटी! मिरचीच्या दिवसांत रात्री माल घेऊन धर्माबादच्या बाजाराला निघालेले ट्रॅक्टर पाहा, पुढे रोषणाई आणि मागे स्पीकर. जमा वीस आणि खर्च पंचवीस असला, तर संसार चालत नाही. मग बॅटरी कशी चालेल? दिवे हवेतच, ते सुरक्षिततेचे आहेत. पण जादा दिवे एलईडीचे लावावेत. १८ वॅटचा एलईडी दीडच अँपिअर खातो.

बॅटरीची निगा

आपल्याकडे वैशाखात पारा चाळीसच्या वर असतो, पाणी लवकर आटते. झाकणांच्या बॅटरीत दर पंधरा दिवसांनी पाहून, पट्ट्यांच्या वर साधारण एक सेंटिमीटर राहील इतके डिस्टिल्ड वॉटरच घालावे. बोअरचे क्षाराचे पाणी घालू नये, ॲसिडही घालू नये. काम नसताना ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर अर्थचे टोक सोडून ठेवावे आणि अधूनमधून बॅटरी चार्ज करून घ्यावी.

जिवाला जपा

सेल्फ लागेना म्हणून पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने त्याची टोके जोडून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय अनेकांना आहे. हे करताना माणूस मागच्या चाकापुढे उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर तो चालू होताच त्याच माणसावरून जातो. अशाने माणसे दगावली आहेत. सेल्फ फक्त सीटवर बसून, गिअर न्यूट्रल करून मारावा. रोज उतारावर लावून ढकलस्टार्ट करणेही तितकेच धोक्याचे. विझलेल्या इंजिनाचा ट्रॅक्टर लेकरांच्या अंगावर घरंगळायला वेळ लागत नाही.

चार्जिंग होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी, काडी, दिवा नको. टर्मिनल काढताना बॉडीला जोडलेले टोक आधी काढा, लावताना शेवटी लावा. इंजिन चालू असताना टर्मिनल कधीही काढू नका. डोळ्यांत ॲसिड उडाले, तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धूत राहा आणि मग दवाखाना गाठा.

आपण पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासतो, पाभर-तिफणीचे फण पाहतो. त्याच दिवशी अर्धा तास ट्रॅक्टरलाही द्या. पट्टा दाबा, टोके घासा, अर्थ आवळा, तीन आकडे मांडा आणि ते खतांच्या हिशोबाच्या वहीतच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आकडा घसरलेला दिसला, की दुखणे उभे राहण्याआधीच कळेल आणि वाफशाच्या दिवशी ट्रॅक्टर पहिल्या किल्लीला उठेल.