आठ टक्के वाढ, आणि गावात पुरुष नाहीत

गेल्या शुक्रवारी आमच्या खोलीत एक व्हिडिओ फिरला. ताजिकिस्तान नावाचा छोटा देश, वर्षाला आठ टक्के वाढतोय, आणि कशामुळे, तर तिथली पोरं बाहेर जाऊन कमावतात आणि घरी पाठवतात म्हणून! व्हिडिओ ज्या एजंटाच्या ग्रुपवर आला, तिथेच खाली रशियातल्या बांधकामाची जाहिरात. खोलीतले दोघे पासपोर्टची कॉपी पाठवायला निघाले, म्हणून हे लिहायला बसलो. मी काही अर्थशास्त्रातला नाही. सिव्हिलचा डिप्लोमा, साइट सुपरवायझर. पण मस्टर आणि बिल मला वाचता येतं.

आठ टक्के हा आकडा खोटा नाही. सरकारी हिशोबाने २०२२ आणि २०२३ मध्ये तेवढी वाढ झाली. पण ती कुणाच्या घामाची, ते बघा. देश डोंगराळ, शेतीला जमीन थोडी. १९९१ ला सोव्हिएत संघ फुटला, मॉस्कोहून येणारा पैसा आटला, आणि १९९२ ते १९९७ आपसात यादवी युद्ध झालं. कारखाने बसले, पोरं रशियाला गेली. आज लोकसंख्या कोटीच्या आसपास आणि त्यातले दहा लाखांच्या घरात रशियात. २०२२ मध्ये बाहेरून आलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास निम्मा होता. आपल्या भारतात जगात सगळ्यात जास्त पैसा येतो, तरी आपल्याकडे हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. निम्मा म्हणजे काय, हे त्यावरून समजा.

या पैशाने लोक जगले, हे मान्यच करायला हवं. २००० च्या सुमारास तिथे दहातले आठ लोक गरिबीत होते, पुढच्या पंधरा वर्षांत ते तीनवर आले. ते श्रेय रशियात बर्फात उभं राहून स्लॅब टाकणाऱ्यांचं. व्हिडिओवाला मात्र ते सरकारला देतो, तिथेच माझं डोकं फिरतं.

कारण सरकारने काय केलं? घरी आलेल्या पैशातून बाई कझाकस्तानच्या गव्हाचं पीठ घेते, चिनी माल घेते. त्यावर सरकारला जकात मिळते, कर मिळतो. एकही कारखाना न काढता तिजोरी भरते. मग गावात काम निर्माण करायची घाई कुणाला? अॅल्युमिनियमचा एक मोठा कारखाना आहे, सोव्हिएत काळातला, देशातल्या विजेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. त्याच्या व्यवहाराचा पैसा ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदवलेल्या कंपनीतून फिरतो, हे लंडनच्या कोर्टातल्या खटल्यात उघड झालं. आणि हिवाळ्यात खेड्यापाड्यांत वीज दिवसातून काही तासच.

आता धरणाचं ऐका, हे आपल्या लाइनीतलं आहे. वख्श नदीवरचं रोगुन. ठरलेली उंची ३३५ मीटर, पूर्ण झालं तर जगात सगळ्यात उंच. आपलं कोयना १०३ मीटर आहे. काम सुरू झालं १९७६ ला. १९९३ च्या पुरात तात्पुरता बांध वाहून गेला. २०१० मध्ये सरकारने धरणाचे शेअर थेट जनतेला विकायला काढले. शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी, सगळ्यांवर घ्यायची सक्ती. बाईच्या हातात पैसा कुठला? नवऱ्याने रशियातून पाठवलेला! शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने हरकत घेतली तेव्हा विक्री थांबली. पहिलं टर्बाइन फिरलं २०१८ च्या नोव्हेंबरात, आणि धरण अजून अपुरंच आहे. परदेशात दुसऱ्याची इमारत बांधायची आणि त्या मजुरीतून आपल्या देशातल्या धरणाचा हप्ता भरायचा, असला करार कुठल्या ठेकेदाराने पुढे केला असता तर आपण त्याला साइटवरून हाकललं असतं.

निम्मं उत्पन्न एकाच मालकाच्या दारातून येत असेल, तर त्या मालकाला शिंक आली की घर आजारी. २०१४ च्या शेवटी रुबल कोसळला. मजुराने रुबल तेवढेच कमावले, घरी पोचले ते डॉलरच्या हिशोबात निम्मे. २०१५ पासून रशियात त्यांना कामाचं परमिट लागतं, त्याला तिथे 'पेटंट' म्हणतात. त्यासाठी भाषेची, इतिहासाची परीक्षा, आणि दर महिन्याला आगाऊ पैसे. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहावर हल्ला झाला, आरोपी ताजिक निघाले, आणि त्यानंतर विमानतळांवर शेकडो मजूर दिवसेंदिवस अडकवून ठेवले, परत पाठवले. ताजिक सरकारने निषेध नोंदवला, गरज नसेल तर रशियाला जाऊ नका असंही सांगितलं. त्यापुढे काय करणार? ताट ज्याच्या हातात, त्याच्याशी भांडायचं कसं?

आपलं सरकार वेगळं, असं म्हणून सुटू नका. सप्टेंबर २०२० आठवा. आखाती देशांसाठी दिल्लीने जो किमान पगार ठरवून दिला होता, तो ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणला. कारण काय दिलं? भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात! करोनात आम्ही कॅम्पात कोंडलेले, ओव्हरटाइम बंद, आणि आमचा भाव पाडला आमच्याच माणसांनी. ओरड झाली, कोर्टात गेलं, तेव्हा जुलै २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला. ओरड झाली म्हणून. ताजिक मजुराला तेवढी ओरडायचीही सोय नाही, तिथे १९९२ पासून एकच माणूस गादीवर आहे.

तर आता तेच ताजिक जिथून हाकलले जातायत, तिथल्या जागा भरायला आपल्याला बोलावणं आलंय. भारतातून रशियाला गेलेल्या काही पोरांना फसवून लढाईवर पाठवलं, हे आपल्या परराष्ट्र खात्यानेही मान्य केलंय. प्रत्येक एजंट तसा असतो असं मी म्हणत नाही. मी त्या दोघांना एवढंच म्हटलं, एजंटाला तीन गोष्टी लेखी विचारा. पगार रुबलमध्ये की डॉलरमध्ये? कागदपत्रांचा खर्च कुणाचा? मालकाने पगार अडवला तर दुसरीकडे काम करता येईल का?

विचारलं त्यांनी. उत्तर व्हॉइस मेसेजवर आलं, "भाई, पहले पासपोर्ट भेजो, बाकी बाद में."

एकाने पाठवला. दुसरा अजून थांबलाय.