अली नावाचा ज्यू आणि हसन होवांचा प्रश्न

आमच्या मोहल्ल्यातली पंधरा-वीस पोरं दर रविवारी सकाळी माझ्याकडे क्रिकेट खेळायला येतात. मैदान म्हणाल तर शाळेमागची मोकळी जागा, निम्म्यात खडी पडलेली. मध्यंतरी त्यांना डॉ. अली बाकर यांची गोष्ट सांगत होतो. एकाने लगेच विचारलं, "भाई, अली म्हणजे आपलाच ना?" मी म्हटलं, नाही रे, ज्यू आहे. पोरगं गप्प झालं. दुसरा म्हणाला, "मग त्याची गोष्ट आम्हाला कशाला?"

हाच प्रश्न मोठ्यांकडूनही ऐकलाय, म्हणून लिहितोय.

बाकरांचं खरं नाव ॲरन. लिथुआनियातून दक्षिण आफ्रिकेत आलेल्या ज्यू घराण्यातला हा मुलगा. शाळेत असताना अलीबाबावरून 'अली' नाव पडलं ते कायमचं. शिकून डॉक्टर झाला, 12 कसोटी सामने खेळला आणि 1970 साली कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाला 4-0 धुतलं. त्या संघात सगळे गोरे, कारण वर्णभेदी सरकारला दुसरं काही चालतच नव्हतं. मालिकेतली पहिली कसोटी जानेवारीत केपटाउनला झाली. त्याच शहरातले इमाम अब्दुल्ला हारून त्याआधी चार महिन्यांपूर्वी, सप्टेंबर 1969 मध्ये, पोलीस कोठडीत गेले होते. पोलीस म्हणाले जिन्यावरून पडले. त्यांचा छळ झाला होता हे न्यायालयाने मान्य करायला 2023 उजाडलं. बाकरांचा विजय मोजताना ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर फेकली गेली. बाकर खेळातून निवृत्त झाले, पुढे डॉक्टरकीही सोडली आणि क्रिकेटचा कारभार हाती घेतला. 1986 पासून त्यांनी सोवेटोसारख्या काळ्या वस्त्यांमध्ये लहान मुलांना क्रिकेट शिकवण्याचा कार्यक्रम उभा केला. जिथे धड मैदान नाही, शाळेत खेळाचा तास नाही, तिथे प्रशिक्षक जाऊ लागले, पोरांच्या हातात बॅट-बॉल आला. ज्यांनी कधी लेदरचा चेंडू पाहिलाही नव्हता अशी मुलं. एवढंच सांगून थांबलो तर गोष्ट छान आहे. व्हॉट्सॲपवर फिरवता येईल.

पण त्याच वर्षांत, त्याच माणसाच्या पुढाकाराने, बहिष्कार मोडणारे बंडखोर दौरेही होत होते. वेस्ट इंडिजचे, ऑस्ट्रेलियाचे, इंग्लंडचे खेळाडू भरपूर पैसे घेऊन वर्णभेदी देशात खेळायला येत. एका हाताने वस्तीतल्या पोराला बॅट आणि दुसऱ्या हाताने त्या पोराच्या बापाला माणूस न मानणाऱ्या राजवटीला क्रिकेटची प्रतिष्ठा!

हे तोंडावर सांगणारा माणूस आपल्यातला होता. केपटाउनचे हसन होवा, गौरेतर क्रिकेट संघटनेचे नेते. त्यांचं म्हणणं एका ओळीत मावतं: समाजच धड नसेल तर त्यातला खेळ धड असू शकत नाही. आधी माणसाला मत द्या, राहायला हवं तिथे घर द्या, मग एकत्र खेळू. होवांच्या लोकांच्या नजरेत बाकरांचा वस्ती-कार्यक्रम म्हणजे दौऱ्यांवर चढवलेला मुलामा होता. गंमत अशी की 1977 मध्ये गोऱ्यांच्या संघटनेबरोबर एकत्र येऊन तिचं अध्यक्षपद घेणारे रशीद वराचिया हेसुद्धा मुसलमानच. आणि नेल्सन मंडेलांबरोबर 1964 मध्ये जन्मठेप झालेल्यांत अहमद कथराडा होते तसे डेनिस गोल्डबर्ग हे ज्यूही होते. तेव्हा 'आपला' कोण, हे नावावरून ठरवायला निघालात तर या देशात पहिल्या वळणावरच चुकाल. (कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. शनवार तेली शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या मराठीतूनच भांडलोय आपण.)

मी होवांच्या बाजूचा आहे. तरी एक गोष्ट मला छळते. 1986 मध्ये आठ वर्षांचं असलेलं पोर न्याय येईपर्यंत आठ वर्षांचंच राहत नाही.

1990 च्या सुरुवातीला माइक गॅटिंगचा इंग्लिश संघ आला तेव्हा रस्त्यावर निदर्शनं उसळली. ऐन दौऱ्यात मंडेला तुरुंगातून सुटले. लोकांचा राग किती खोल आहे हे आपल्याला कळलंच नव्हतं, असं बाकरांनी नंतर कबूल केलं. दौरा आवरता घेतला, त्याचा पुढचा टप्पाही रद्द झाला. 1991 मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या आणि वस्त्यांमधलं काम पुढे चालू राहिलं. मला बाकर पटतात ते इथे, ऐकल्यावर बदललेले. पण ते ऐकायला भाग पाडणारे होवा आणि ते निदर्शक नसते तर?

दक्षिण आफ्रिकेचं पुनरागमन झालं ते आपल्याकडेच, 10 नोव्हेंबर 1991 ला ईडन गार्डन्सवर. अब्बा अजून त्या सामन्याची आठवण काढतात. खरं तर तेव्हा पाकिस्तानचा संघ येणार होता. मुंबईत शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली, तो दौरा रद्द झाला आणि त्या रिकाम्या जागी दक्षिण आफ्रिका आली. एक देश माणसांना वेगळं करणं सोडत होता म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, त्याच हंगामात.

मखाया एनटिनी या मुलांच्या गोष्टीतला पुढचा अध्याय. एमडिंगी नावाच्या खेड्यात गुरं राखणारं पोर, अनवाणी गोलंदाजी करत होतं. तिथल्या क्रिकेट विकास कार्यक्रमातल्या प्रशिक्षकाने त्याला हेरलं. 1998 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन झाला. 390 बळी घेतले. त्याच्या हातात पहिला चेंडू देणाऱ्याला 'मुलामा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या रविवारच्या पोरांसाठी एका पुढाऱ्याने मॅट आणि दोन किट देऊ केलेत. त्याची अट एकच, मुलांसोबत बॅनरवर त्याचा फोटो. आमच्या वस्तीतली झोपडी पाडायची वेळ आली तेव्हा हेच गृहस्थ फोन उचलत नव्हते. आम्ही चौघे जण दोन तास भांडलो. एक मित्र म्हणाला, होवा काय म्हणाले असते? दुसरा म्हणाला, होवांना विचारू नकोस, त्या डावखुऱ्या सलीमला विचार, फुटक्या बॅटने खेळतोय पोरगा.

शेवटी निरोप पाठवला: किट घेऊ, बॅनर लावणार नाही, आणि द्यायला याल त्या दिवशी मुलांच्या आया झोपड्यांबद्दल विचारतील, त्याची तयारी ठेवून या. अजून उत्तर आलेलं नाही. या रविवारी पुन्हा फुटक्या बॅटनेच खेळलो. सलीमने तिला सायकलची ट्यूब गुंडाळलीय.