लेकीचा कॉलेजातला निबंध

सोलापूर जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, “थोरली यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत निबंधाला तिचा हात कुणी धरत नसे. कॉलेजात मात्र सरांनी तिचा निबंध परत दिला आणि वर लाल शाईनं लिहिलं, ‘यात तुझं म्हणणं काय?’ तेव्हापासून पोरगी नीट जेवत नाही, कॉलेज सोडते म्हणते. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लिहून तयार असलेले प्रकल्प विकत मिळतात. तिच्या मैत्रिणी तेच घेतात. आणून द्यावा का? मी स्वतः नववीपर्यंत शिकलेली, मी तिला काय सांगणार?”

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही पुष्कळ सांगू शकाल, आणि त्याला नववी भरपूर झाली.

शाळेतला निबंध आणि कॉलेजातला निबंध यांचं नाव एकच असलं, तरी वस्तू दोन आहेत. शाळेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायचा तो सुंदर शब्दांत, आरंभी सुविचार, शेवटी सुविचार. त्याला मार्क मिळतात ते भाषेचे. कॉलेजात सर एक प्रश्न पुढे ठेवतात. त्याचं उत्तर द्यायचं आणि त्या उत्तरापर्यंत कसे पोचलो ते दाखवायचं. जाऊबाई म्हणाल्या, “हा गवळी दुधात पाणी घालतो,” तर आपण लगेच विचारतो, “कशावरून?” बस्स, कॉलेजचा सगळा निबंध या ‘कशावरून’मध्ये आला. तुमच्या मुलीनं गवळ्याचं वर्णन फार छान केलं असणार. पाणी घालतो की नाही, ते सांगायचं राहिलं.

एक उदाहरणच घेऊ. विषय दिला, ‘एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षण’. मुली सुरुवात करतात, ‘आपला देश प्राचीन परंपरेचा देश आहे...’ हे वाक्य कुठल्याही निबंधाला चालतं, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही. सरळ खोडायला सांगा. शंभर वर्षांचा इतिहास सहा पानांत कोंबायचा म्हटलं, की नुसती नावं आणि साल यांची यादी होते. आधी विषय लहान करावा. पुण्यात १८४८ साली जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापुढे मुलींच्या शिक्षणात सर्वांत मोठी अडचण कसली होती? एवढाच प्रश्न घ्यावा.

आता तिला म्हणणं हवं. समजा ती म्हणाली, “मोठी अडचण शिक्षिकांची होती.” तुम्ही पोळ्या लाटता लाटता विचारा, “कशावरून गं?” ती सांगेल, जोतीरावांना आधी सावित्रीबाईंना शिकवावं लागलं, मग त्या शिकवू लागल्या. पुढे १८८२ साली पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हाही त्यांनी स्त्री-शिक्षिका तयार करा, स्त्री-डॉक्टर तयार करा, हाच आग्रह धरला. म्हणजे चौतीस वर्षांनीसुद्धा ती उणीव भरून निघाली नव्हती. झालं, पुरावा आला की!

पण इथेच थांबायचं नाही. तुम्ही मुद्दाम उलट बोला. “अगं, अडचण लोकांच्या विरोधाची होती. सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकत होते ना?” आता मुलीला विचार करावाच लागेल. कदाचित ती म्हणेल, शेण फेकलं ते शिकवणाऱ्या बाईवरच, त्या भीतीनं दुसऱ्या बायका शिकवायला कशा पुढे येणार? म्हणजे विरोध होता म्हणून शिक्षिका नव्हत्या. पाहा, पहिलं म्हणणं थोडं बदललं आणि अधिक पक्कं झालं. विरुद्ध बाजू लपवायची नसते, तिलाच उत्तर द्यायचं असतं. सरांना जे हवंय ते हेच. असलं दुकानात कुठून मिळणार? तिथला प्रकल्प दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला, शंभर जणींनी उतरवलेला. त्याचे पैसे तर जातातच, वर आपल्याला जमत नाही ही मुलीची समजूत पक्की होते. मला त्या पैशांपेक्षा हे नुकसान जास्त वाटतं.

मुलीला वाटेल, माझं कसलं आलंय म्हणणं, मी कोण? तिला मुक्ता साळवे हे नाव सांगा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिनं केलं काय? वेद फक्त आमचे, असं सांगणाऱ्यांचं म्हणणं तिनं तसंच उचललं आणि विचारलं, मग वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता? समोरच्याचाच मुद्दा धरून त्याला कोंडीत पकडलं. त्याला डोळ्यांनी पाहिलेल्या हालअपेष्टांची जोड दिली. शाळकरी मुलगी हो! मोठे शब्द लागले नाहीत.

आता थोडं कामाचं. ब्लाउज बेतताना आपण एकदम मशीन चालवत नाही. माप घेतो, कच्चे टाके घालतो, अंगाला लावून बघतो. निबंधही एका बैठकीत पक्का लिहू नये. आधी कच्चा खर्डा काढावा, एक रात्र ठेवून द्यावा, दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचावा. वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक विचारही अडखळलेला असतो. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली तरी चालते, उलट बरी होते.

पुस्तकातलं घ्यायचं तर जरूर घ्यावं, पण वहीत पहिल्याच दिवशी लेखकाचं नाव, पुस्तक, साल आणि पान टिपून ठेवावं. मागाहून शोधू म्हटलं, तर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं. उतारा वाचून झाला की पुस्तक मिटावं आणि तुम्हाला सांगावं, मग तेच लिहावं. असं केलं की वाक्य आपोआप स्वतःचं होतं. तरीही विचार दुसऱ्याचा, म्हणून त्याचं नाव द्यायचंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांत, प्रबंधातला दहा टक्क्यांहून जास्त मजकूर दुसरीकडचा निघाला तर तो सुधारून पुन्हा द्यायचा आणि साठ टक्क्यांच्या वर निघाला तर नोंदणीच रद्द, असं ठरवलं. पहिल्या वर्षाच्या वहीला कुणी तो काटा लावणार नाही. पण सवय आत्ताच लागते.

आणि हो, मोबाईलवर प्रश्न टाकला की यंत्र मिनिटात निबंध लिहून देतं, हेही मुलींना ठाऊक आहे. ते गुळगुळीत लिहितं, आणि कधी कधी कुणी न लिहिलेल्या पुस्तकांची नावंही बेधडक ठोकून देतं. एखादा अवघड शब्द विचारायला ठीक, म्हणणं मात्र त्याच्याकडून उसनं आणू नये.

एक गोष्ट तुमच्या पत्रात अगदी जाता जाता आली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटली. धाकट्या भावाच्या अभ्यासाला टेबल आहे आणि ही स्वयंपाकघरात, भांडी आवरल्यावर लिहायला बसते. रात्री साडेदहाला थकलेल्या डोक्यातून म्हणणं कुठून निघणार, ताई? संध्याकाळी सात ते आठ ते टेबल तिचं करा. भावाला तेव्हा कोशिंबिरीची काकडी चोचवायला बसवा, दळण आणायचं असेल तर त्यालाच धाडा. सरांनी निबंध परत दिलाय तो सुधारायला, तेव्हा उद्याच तिला त्यांच्याकडे पाठवा आणि किती दिवसांत पुन्हा द्यायचा, एवढं विचारून यायला सांगा.